रक्तवाढीच्या गोळ्या, नवरात्राचे उपास आणि एक चीर

भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. रात्री सव्वाआठला, दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलेलं असताना त्या आत आल्या. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला, एका बाजूवर भार टाकून टेकल्या. "मॅडम, रक्तवाढीच्या गोळ्या संपल्यात, तेवढ्या लिहून द्या." गोळ्या लिहून झाल्या तरी उठेनात. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, "आणि मला मूळव्याध झालीय."

वय ४१. धनकवडीत दोन खोल्यांचं घर, माणसं पाच, संडास एक. लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात १२ वर्षं विक्रेती. त्यांच्या परवानगीने हे लिहितेय आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. दवाखान्यात असे रुग्ण दर आठवड्याला येतात, मग याच प्रकरणावर का लिहायचं? कारण या बाईंच्या दुखण्यात माझाही वाटा होता, आणि तो मला त्या रात्री कळला.

"काय होतं नक्की?" विचारल्यावर आधी "त्रास होतो" एवढंच उत्तर आलं. या विषयावर बोलायला आपल्याकडे शब्दच नसल्यासारखे असतात, म्हणून मी एकेक प्रश्न सुटा करून विचारते. दुखतं ते शौचाला होताना की नंतरही? रक्त मलात कालवलेलं असतं की वेगळं, वरून पडतं? रंग लाल की काळपट? काही बाहेर येतं का, हाताला लागतं का? मल कसा असतो, खडा की मऊ?

यावर त्या मोकळेपणाने बोलल्या. "होताना ब्लेडने चिरल्यासारखं होतं. झाल्यावर जरा बरं वाटतं, आणि मग जी आग सुरू होते ती दोन-तीन तास. दुकानात गिऱ्हाईक समोर असतं, साडी उलगडून दाखवत असते आणि इकडे डोळ्यांत पाणी. शेवटी चार-पाच थेंब पडतात, लालभडक. पाणी ओतलं की सगळं भांडंच लाल दिसतं." बाहेर काही येत नव्हतं. मल खड्यासारखा, तोही तीन-चार दिवसांनी.

एवढं ऐकलं की निदान जवळजवळ होतंच. मूळव्याध म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगणं. त्या जिथे असतात तिथल्या आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, म्हणून आतल्या मुळव्याधीत रक्त बऱ्याचदा न दुखताच पडतं. अगदी दाराशी जी नाजूक कातडी असते तिला मात्र बोटाच्या टोकासारखी संवेदना असते. कडक मलाने ती फाटली की जी चीर पडते तिला आम्ही फिशर म्हणतो. चिरल्यासारखी वेदना, नंतर तासन् तास आग आणि थोडं ताजं रक्त हे वर्णन फिशरचं. आयुर्वेदात या तिन्ही दुखण्यांना वेगवेगळी नावं आहेत: मुळव्याधीला अर्श, फिशरला परिकर्तिका आणि नळीसारखी वाट पडून पू येतो त्याला भगंदर. परिकर्तिका या नावातच कातरल्यासारखी वेदना आहे. बोलीत मात्र आपण सगळ्याला मूळव्याधच म्हणतो, आणि उपचार चुकायला तिथूनच सुरुवात होते.

या बाईंचंही तेच झालं होतं. मेडिकलमधून मुळव्याधीचं मलम आणलं. त्यात बधिर करणाऱ्या औषधाबरोबर स्टिरॉइड होतं, ते पाच आठवडे लावलं. स्टिरॉइडने आग तात्पुरती कमी होते, पण जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होते. शेजारणीने एरंडेल सांगितलं. त्या रात्री चार वेळा पातळ झालं आणि प्रत्येक वेळी जखमेवर तिखट ओतल्यासारखी आग झाली. सुरणाची भाजी खाऊन झाली. उष्णता वाढली म्हणून सब्जा झाला. शेवटचा उपाय त्यांनी स्वतःच शोधला होता, आणि तो ऐकून मला खरंच वाईट वाटलं. त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. "जेवलंच नाही तर जायलाच लागणार नाही, असं वाटलं मॅडम."

दुखेल या भीतीने माणूस शौचाची भावना दाबतो. दाबलेला मल मोठ्या आतड्यात पडून राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा आणखी कडक होतो. तो जाताना भरत आलेली चीर पुन्हा उसवते. वेदनेने दाराचा आतला गोल स्नायू आवळला जातो. हा स्नायू आपल्या इच्छेने सैल सोडता येत नाही. तो आवळलेला राहिला की चिरेकडे येणारा रक्तपुरवठा कमी पडतो, विशेषतः मागच्या बाजूला, कारण तिथे तो मुळातच बेताचा असतो. रक्त पोचलं नाही की जखम भरत नाही. जेवण सोडून बाईंनी याच चक्राला हातभार लावला होता. पोटात चोथा नाही, मग मल थोडा आणि टणक.

तपासायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "आत काही घालणार का?" बायका महिनोन् महिने येत नाहीत त्याचं हे एक मोठं कारण, म्हणून इथे सविस्तर सांगते. आमच्या सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, पडदा ओढला, बाई डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपल्या. मी हातमोजा घालून दोन्ही बाजूंची कातडी अलगद बाजूला केली, बॅटरीच्या उजेडात पाहिलं, संपलं. ताजं दुखरं फिशर असताना बोट किंवा दुर्बीण आत घालण्याची सहसा गरज नसते. नुसतं पाहून चीर दिसते, आत काय आहे ते दुखणं ओसरल्यावर बघता येतं.

चीर मागच्या बाजूला, बरोबर मध्यरेषेवर होती. लांबी तांदळाच्या दाण्याहून थोडी जास्त, तळ लालसर. बाहेरच्या टोकाला कातडीचा एक बारीक कोंब नुकता धरू लागला होता. बाईंच्या हाताला तो लागला असता तर मोड आला म्हणून त्या आणखी घाबरल्या असत्या. चीर सहा-आठ आठवड्यांपेक्षा जुनी झाली की असा कोंब येतो, कडा जाड होतात आणि औषधाने भरणं अवघड होतं. बाई त्या उंबरठ्यावर होत्या.

जागाही महत्त्वाची असते. बहुतेक फिशर मागे मध्यरेषेवर असतात, बायकांमध्ये काही वेळा पुढे. चीर बाजूला असेल, एकाहून जास्त असतील किंवा न दुखणारी असेल, तर क्षयरोग, क्रोन्सचा आजार (आतड्याला दीर्घकाळ सूज येणारा), लैंगिक संसर्ग, कर्करोग असं दुसरं काही शोधावं लागतं. इथे तशी शंका नव्हती.

मग कधीपासून, हे विचारलं. "नवरात्रात पाचव्या-सहाव्या माळेला पहिल्यांदा रक्त दिसलं." मी त्यांचा जुना कागद काढला. ऑगस्टमध्ये त्या दम लागतो म्हणून आल्या होत्या. हिमोग्लोबिन ८.६. मी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, रोज दोन. गोळ्यांनी मल काळा होईल, घाबरू नका, हे सांगितल्याची नोंद होती. पोट साफ होतं का, हे विचारल्याची नव्हती. लोहाने मल कडक होतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या गोळ्यांवर नवरात्राचे नऊ उपास आले. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, चहा. साबुदाण्यात चोथा जवळपास नसतोच. त्याच्या पाठोपाठ दिवाळीची गर्दी, सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहणं.

आणि दुकानातला संडास. ही गोष्ट मी तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर आली. दुकान जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. संडास मागच्या चौकात, चार दुकानांत मिळून एक, आणि त्याच्या दाराची कडी वर्षभर तुटलेली. बायका जोडीने जायच्या, एक आत, दुसरी दार धरून. गर्दीच्या दिवसांत जोडीदारीण मिळायची नाही. म्हणून दुकानातल्या चौघीजणी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. घरी सकाळी चहानंतर भावना व्हायची, तेव्हा संडासात मुलगा नाहीतर सासरे, आणि पावणेनवाची स्वारगेटची बस. खाल्ल्या-प्यायल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, दिवसातली शौचाची सगळ्यात सोपी वेळ ती. ती वेळ त्या रोज घालवत होत्या.

लोहाच्या गोळ्या मी दोन आठवडे थांबवल्या. मल मऊ होण्यासाठी लॅक्ट्युलोजचं सिरप रात्री १५ मिली, पोटात वारा धरेल हे आधीच सांगून. इसबगोलाचा भुसा सुरुवातीला एक चमचा, आठवड्यानंतर दोन, प्रत्येक वेळी मोठा पेलाभर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत घट्ट गोळा होऊन बसतं, हे बजावून सांगावं लागतं. चिरेवर डिल्टियाझेम २ टक्क्यांचं जेल, वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, दाराच्या कडेला आणि किंचित आत. हे औषध जखमेवरचं मलम नाही. ते आवळलेला स्नायू सैल करतं, रक्तपुरवठा वाढतो आणि चीर आपली आपण भरते. याच कामाला नायट्रोग्लिसरिनचं मलमही वापरतात, पण त्याने डोकं फार दुखतं. शौचाला जाण्याआधी पाच-दहा मिनिटं बधिर करणारं लिग्नोकेनचं जेल, भीती मोडण्यापुरतं, पहिले काही दिवस. ही औषधं वाचून परस्पर आणू नका. गरोदर बाई, स्तनपान देणारी आई, रक्तदाब कमी असलेला माणूस यांच्यासाठी हिशेब वेगळा असतो.

कोमट पाण्याच्या शेकाचं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "टब कुठून आणू, मोरीत उभं राहायला जागा नाही." मग घरात काय आहे ते शोधलं. बांधकामावर वापरतात तसलं प्लास्टिकचं रुंद घमेलं त्यांच्याकडे होतं, पावसाळ्यात गळतीखाली ठेवायचं. ते घासून, रात्री सगळे झोपल्यावर मोरीत ठेवून, अंगाला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. मीठ, तुरटी, जंतुनाशक काहीही घालायचं नाही. ऊब मिळाली की स्नायू सैल पडतो, काम तेवढंच. सकाळी शौचानंतरही शेक घेतला तर उत्तम, पण त्यांच्या घरात सकाळी ते जमणारं नव्हतं. जे जमणार नाही ते लिहून देण्यात अर्थ नसतो.

जेवण पुन्हा सुरू केलं. रात्री ज्वारीची भाकरी आणि एक पालेभाजी, डब्यात काकडी किंवा गाजर, दुपारी एक पेरू. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा, आणि त्यांचं आधीचं पोहे, चहा, पोळी-बटाटा असं खाणं त्याच्या निम्म्यावरही पोचत नव्हतं. तिखट बंद करू का, असं सगळेच विचारतात. तिखटाने चीर पडत नाही, पण असलेल्या चिरेची आग वाढू शकते, म्हणून भरेपर्यंत हात आखडता ठेवा, एवढंच सांगते. कुंथायचं नाही, पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. धुताना जोराचा फवारा नको, साबण नको, मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं. त्यांच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास होता, ते बरंच. उकिडवं बसल्याने वाट सरळ होते. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्यावं.

आठव्या दिवशी त्या आल्या तेव्हा खुर्चीत सरळ बसल्या. आग अर्ध्या तासावर आली होती, रक्त दोनदाच.

बाराव्या दिवशी फोन आला, रडवेला. लग्नसराईची मोठी खरेदी, दोन दिवस पाणी नाही, सिरप विसरलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा खडा, पुन्हा रक्त. आणि दरम्यान कुणीतरी त्यांना एका ठिकाणी नेलं होतं. "त्यांनी बघितलं पण नाही नीट. म्हणाले मूळव्याध आहे, आजच लेझर करून टाकू, सवलत चालू आहे." दागिना मोडायचा विचार घरात सुरू झाला होता.

मी त्यांना त्याच संध्याकाळी बोलावलं. चीर थोडी उसवली होती, पण तळ आधीपेक्षा उथळ होता, म्हणजे भरणं चालू होतं. मुळव्याधीच्या मोडांवर लेझर करून फिशरभोवतीचा आवळलेला स्नायू सैल होत नाही. भिंतींवर आणि बसथांब्यांवर 'मूळव्याध, फिशर, भगंदर' अशा एकाच दमात केलेल्या जाहिराती वाचून सगळ्याला एकच इलाज असतो असं वाटतं, तसं नाही. शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. सहा-आठ आठवडे नीट उपचार करूनही चीर भरली नाही तर आतल्या स्नायूचा थोडा भाग बाजूने कापतात, आणि दहापैकी नऊहून जास्त जणांची चीर त्याने भरते. पण कापलेला स्नायू परत येत नाही. काहींचा वायूवरचा, क्वचित पातळ मलावरचा ताबा थोडा सुटतो. या बाईंची दोन बाळंतपणं झालेली, पहिल्यात टाके पडलेले, म्हणजे तिथला स्नायू आधीच थोडा दुबळा असण्याची शक्यता. अशा बाईला बाराव्या दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणं मला चूक वाटतं. त्यांना मी दोन महिने मागितले.

त्याच वेळी एक चिठ्ठी लिहून दिली, दुकानाच्या मालकांच्या नावे. रुग्णाला दिवसातून दोन लिटर पाणी पिणं आणि भावना होताच शौचालयात जाणं वैद्यकीय कारणाने आवश्यक आहे. आजाराचं नाव लिहिलं नाही. शेटजींनी चिठ्ठी वाचली, काय झालंय विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सुतार आला. तुटलेल्या कडीच्या जागी पितळी कडी बसली. ती किती रुपयांची असेल ते बाईंनी मला सांगितलं: ऐंशी. चौघीजणी आता पाण्याच्या बाटल्या भरून ठेवतात.

यापुढे उतारावरचा प्रवास होता. तिसऱ्या आठवड्याअखेर आग थांबली, पाचव्यानंतर रक्त नाही. दुखणं थांबलं की सगळे जेल बंद करतात, तसं त्यांनीही करून पाहिलं. वरून भरलेली कातडी कोवळी असते, म्हणून आठ आठवडे पूर्ण करायला लावले. शेवटच्या तपासणीत चिरेच्या जागी फिकट रेघ होती. तो बारीक कोंब मात्र राहिला. तो निरुपद्रवी आहे, त्याला हात लावायचा नाही.

रक्ताच्या कमतरतेकडे इथे मुद्दाम परत येते. चीर दिसली, रक्त दिसलं, म्हणजे हिमोग्लोबिन त्यानेच उतरलं असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं. हिशेब करून बघा. रोज पाच थेंब म्हटले तरी महिन्याला जेमतेम दीड चमचा होतो. शिवाय ८.६ हा आकडा ऑगस्टचा, चिरेच्या आधीचा. विचारल्यावर कळलं, पाळी सात-आठ दिवस, गाठी पडतात, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, फायब्रॉइडची. तिच्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. लोह मी पुन्हा सुरू केलं, पण एक दिवसाआड आणि इसबगोलापासून दोन तास लांब. एक दिवसाआड घेतलेलं लोहही चांगलं अंगी लागतं आणि पोटाला कमी त्रास देतं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झालं.

तरीही मी त्यांना ससूनच्या शस्त्रक्रिया विभागात पाठवलं, मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीसाठी. चाळिशी ओलांडलेली बाई, अंगात रक्त कमी आणि शौचावाटे रक्त. एवढं असताना चीर सापडली म्हणून शोध तिथेच थांबवायचा, हे मला पटत नाही. चीर आणि आतड्यातली गाठ एकाच माणसात असू शकतात. तपासणी चीर भरल्यावर केली, आतडं स्वच्छ निघालं. रक्त मलात कालवलेलं येत असेल, लोह चालू नसताना मल डांबरासारखा काळा असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर मलम लावत बसू नका, तपासून घ्या. दाराशी ठणकणारी सूज आणि ताप असेल तर आत पू असतो, त्याच दिवशी दाखवा. भडाभडा रक्त जाऊन चक्कर आली तर थेट रुग्णालयात जा.

माझ्या दवाखान्यात त्यानंतर एक बदल झाला. लोहाची चिठ्ठी लिहिताना मी 'पोट?' हा शब्द आधी लिहिते आणि उत्तर ऐकूनच पुढे जाते.

पुढच्या वर्षी पितृपंधरवड्यात त्या मुद्दाम येऊन बसल्या. घटस्थापना जवळ आली होती. "उपास करू ना मॅडम?" करा म्हटलं, पण साबुदाणा कमी करा. राजगिऱ्याची भाकरी, सालासकट उकडलेलं रताळं, काकडीची दही घातलेली कोशिंबीर, पेरू आणि पाणी. त्यांनी सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मग थोडं थांबून विचारलं, "आणि इसबगोल? ते उपासाला चालतं का?" तो एका बीचा भुसा आहे, धान्य नाही, आमच्या घरी चालतं, असं मी सांगितलं. "सासूबाईंना विचारते," म्हणाल्या. सातव्या माळेला त्यांचा निरोप आला: सासूबाईपण घेतायत, दोघींचं व्यवस्थित आहे.